मफलरखालची हनुवटी

पेंटरला आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण ते बँकेच्या पासबुकाला आणि बायकोच्या माहेरच्यांना तेवढं ठाऊक होतं. बाकी सगळं गाव त्याला 'हनुवटी' म्हणायचं. गावात नवा आलेला माणूस ते ऐकून त्याच्या तोंडाकडे निरखून बघायचा आणि गोंधळायचा, कारण पेंटरची स्वतःची हनुवटी अगदीच बेतास बात होती. मग कुणीतरी त्या नवख्याला बाजूला घेऊन सगळी कथा तिखटमीठ लावून सांगायचं आणि वर हळूच बजावायचं, की याच्यापुढे जपून बोला हो, याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

हा शुद्ध अन्याय होता. पेंटर मुळात इतका अबोल, की लग्नानंतर कितीतरी दिवस बायकोला वाटत होतं, यांचा आपल्यावर कसला तरी राग आहे. गावाची सगळी लफडी, सगळे रुसवेफुगवे त्याच्या पोटात घातले असते तरी ढेकर आला नसता. पण शिक्का एकदा बसला की बसला. तो दारात दिसला की पाहुणे मंडळी हवापाण्यावर बोलायला लागत. सख्ख्या मेहुणीचं लग्न ठरलं, ते त्याला पत्रिका छापून आल्यावर कळलं. आणि ती पत्रिकासुद्धा बायकोने आधी वाचून मग त्याच्या हातात दिली.

हे सगळं एका सिनेमामुळे झालं. जो सिनेमा त्याने पाहिलाही नव्हता.

पेंटर तेव्हा तिशीतला, आणि गावातल्या एकुलत्या एका थिएटरची दर्शनी भिंत म्हणजे त्याचं राज्य. सिनेमाच्या रिळांची पेटी यायच्या आधी फोटोंचं पाकीट यायचं. त्या फोटोवर तो पेन्सिलीने चौकोन आखायचा, थिएटरच्या मागच्या अंगणात पसरलेल्या कापडावर खडूने माखलेलं सूत मारून तेवढेच मोठे चौकोन पाडायचा, आणि मग एकेक चौकोन भरत जायचा. जवळून त्याला तोंड दिसायचंच नाही. दिसायचा तो गालाचा एक तुकडा, नाहीतर भुवईचा कोपरा. सगळं कापड दोरांनी भिंतीवर चढलं, की तो रस्त्यापलीकडे जाऊन आपण कुणाला काढलंय ते बघायचा.

फोटोंत नेहमीच काहीतरी कमी असायचं. नायकाचा एक कान अंधारात, नायिकेचा गळा फुलांमागे. मॅनेजरला तर घाई इतकी, की तो चालताना स्वतःच्या सावलीला मागे टाकायचा. तेव्हा पेंटर सरळ उसनवारी करायचा. याचा कान त्याला, हिचा गळा तिला. एका सात्त्विक आईच्या भूमिकेतल्या बाईंना त्याने एका खलनायकाचे हात दिले होते आणि त्या हातांनी त्या पोस्टरभर आशीर्वाद देत होत्या. कुणाच्या बापाला कळलं नव्हतं.

मग तो हेरांचा सिनेमा आला. एक वयस्कर अधिकारी शत्रूच्या एका तरुण हेराच्या मागावर आहे, एवढंच जाहिरातीत सांगितलेलं. थिएटरच्या आत पाटी लावली होती, की शेवट कृपया कुणाला सांगू नये. पेंटरला मिळालेल्या फोटोत अधिकाऱ्याचा चेहरा स्वच्छ होता, हनुवटीवर बोट टेकवल्यासारखी खोल खळी. तरुण हेराच्या मात्र डोक्याला टोपी आणि नाकापर्यंत मफलर. मॅनेजर म्हणाला, मफलर काढून टाक, लोक पैसे तोंड बघायचे देतात. पेंटरने मफलर काढला. खाली काहीतरी हवंच, म्हणून अधिकाऱ्याची हनुवटी उचलून पोराला लावली. खळीसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या चहावाल्याने कपबशा विसळता विसळता मान वर केली आणि पहिला खेळ सुरू व्हायच्या आधीच जाहीर करून टाकलं, "हे तर बापलेक दिसतायत."

आणि ते बापलेकच होते! तेच तर त्या सिनेमाचं गुपित होतं. अडीच तास ताणून, अगदी शेवटी फोडायचं. आत पाटी सांगतेय कुणाला सांगू नका, आणि बाहेर दोन मजली कापडावर सगळा बभ्रा. आठवडा भरायच्या आत सिनेमा उतरला. मॅनेजरने पेंटरला केबिनमध्ये उभं करून विचारलं, की तू मालकांसाठी ठेवलेल्या खासगी खेळात चोरून घुसला होतास ना? पेंटरने शपथा घेतल्या. मॅनेजर म्हणाला, न बघता कुणाला एवढं नेमकं जमेल? मला वेडा समजतोस? भिंत दुसऱ्या पेंटरकडे गेली. घरी बायकोने पाण्याचा तांब्या पुढे करत म्हटलं, एवढीशी गोष्ट पोटात राहिली नाही तुमच्या. त्याने तिलाही सांगून पाहिलं. ती म्हणाली, बरं बरं. बायकांच्या त्या 'बरं बरं'वर अपील नसतं.

त्यानंतरचं आयुष्य दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर आणि शाळांच्या भिंतींवरचे सुविचार यांत गेलं. पुढे फ्लेक्स आले. तेही पेंटरच्याच घरातून आले, म्हणजे त्याच्या लेकानेच बाजारपेठेत छपाईचं दुकान टाकलं. आता गावभर सगळ्यांच्या हनुवट्या आपापल्या जागी होत्या. बापलेकांत भांडण असं काही नव्हतं. ताटाला ताट लावून जेवायचे. पण बाप दुकानाची पायरी चढायचा नाही आणि लेक कधी चला म्हणायचा नाही. दोघांमधला निरोप्या म्हणजे पेंटरची बायको, आणि ती निरोप पोचवताना त्यात पदरची भर घालत असल्याने दोघांनाही वाटायचं, समोरचा जरा जास्तच बोलतो.

अशात एकदा जेवताना लेक थेट बापाशी बोलला. "बाबा, तुमचा सिनेमा परत लागतोय."

"कुठला?"

"कुठला काय? तुमचा एकच तर आहे."

गावात निवृत्त लोकांचं आणि कॉलेजातल्या मास्तरांचं एक सिनेमा मंडळ होतं. ती मंडळी रविवारी कुणाला माहीत नसलेले सिनेमे लावत आणि मग चहा पीत त्यांवर भांडत. या हेरपटाकडे त्या काळी कुणी नीट पाहिलंच नाही, तो वेळेआधी आला, असं आता जाणकार म्हणायला लागले होते. रविवारी त्याच थिएटरात दोन खेळ होते, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. फ्लेक्सची ऑर्डर लेकाकडे आली होती.

पेंटरने हात धुतले, पुसले आणि म्हणाला, "फ्लेक्स नको. मी काढतो."

"परत?" बायको म्हणाली. "आता काय राहिलंय सांगायचं?"

त्यावर पेंटर जे बोलला ते त्याच्या मानाने भाषणच होतं. त्याचं म्हणणं असं, की जुनी माणसं बरीचशी गेली, नव्यांना शेवट माहीत नाही. या वेळी त्या पोराला त्याची स्वतःची हनुवटी द्यायची. खालून जाणाऱ्या एकाही माणसाला संशय येता कामा नये. ब्रश कायमचे धुऊन ठेवायच्या आधी एवढं एक काम सरळ करायचंय. मग गावाने काय म्हणायचं ते म्हणावं.

बायकोने त्याच्या ताटात, तो उठलेला असताना, आणखी एक पोळी वाढली.

कापड पसरायला घरात जागा नव्हती, म्हणून पेंटर शेवटी दुकानाची पायरी चढला. लेकाने मशीन भिंतीला सरकवलं. फोनवर शोधून त्या तरुण नटाचे इतर सिनेमांतले फोटो काढून दिले. निमुळती, गुळगुळीत हनुवटी. खळीचा मागमूस नाही. पेंटरने फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाला, बघ, इतकं साधं होतं.

पण हात आता पूर्वीचा राहिला नव्हता. ब्रश कापडाजवळ गेला की मनगट थरथरायचं. मनगट टेकवायला तो पूर्वी डाव्या हाताने एक आडवी काठी धरायचा, आता ती काठीच हलायची. लेकाने गिऱ्हाइकाला बसवून ठेवलं आणि न विचारता येऊन काठी धरली.

"जरा वर," पेंटर म्हणाला.

"इथे?"

"तिथेच. श्वास घेऊ नकोस."

"किती वेळ?"

"हनुवटी होईपर्यंत."

गिऱ्हाईक चुळबुळत बसलं होतं. लेकाने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

रविवारी सकाळी कापड थिएटरच्या दारावर चढलं. मॅनेजर आला होता, आता काठी टेकत चालणारा. घाई कधीच संपलेली, सावली पुढे आणि तो मागे. त्याने पोस्टरकडे बराच वेळ पाहिलं, "हं" म्हणाला आणि आत जाऊन बसला. त्याच्या मागे दोन ओळी सोडून पेंटर, त्याची बायको आणि लेक.

सिनेमा सुरू झाला. पेंटरला पहिला धक्का हा बसला, की सिनेमा चांगला होता. अधिकाऱ्याने नोकरीपायी बायको आणि तान्हं मूल कधीचं मागे टाकलेलं. तो ज्या पोराचा माग काढतोय त्याच्या सवयी त्याला ओळखीच्या वाटतात, आणि का ते कळत नाही. पोरगा सबंध सिनेमाभर मफलरात, आणि मफलर निघाला की खाली दाढी. शेवटी पळून जाता यावं म्हणून तो एका हॉटेलच्या न्हाणीघरात दाढी उतरवतो. फेस पुसतो. तेवढ्यात दार उघडतं, मागून अधिकारी येतो, पिस्तूल रोखतो आणि आरशात बघतो. आरशात दोन चेहरे. शेजारी शेजारी. आणि दोन्ही हनुवट्यांवर तीच खळी, रंगभूषा करणाऱ्याने मुद्दाम घातलेली.

थिएटरात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. त्या शांततेत पेंटर मोठ्याने म्हणाला, "आयला, हीच हनुवटी होती की!"

लोकांनी शुक् शुक् केलं. बायकोने त्याच्या मांडीला चिमटा काढला. दोन ओळी पुढे मॅनेजर पडद्याकडे पाठ करून वळला आणि शेवटची पाच मिनिटं त्याने पेंटरकडेच पाहण्यात घालवली. पडद्यावर अधिकाऱ्याने पिस्तूल खाली केलं आणि पोराच्या गालाला राहिलेला फेस पुसला. पेंटरच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. लेक समोर बघत राहिला, पण दोन खुर्च्यांमधल्या ज्या दांडीवर बापाचा हात होता, तिच्यावरच त्याने आपलाही कोपर टेकवला.

बाहेर आल्यावर मॅनेजरने पेंटरला गाठलं. "तू खरंच पाहिला नव्हतास."

"आज पाहिला."

"आत ओरडलास तेव्हा कळलं मला." मॅनेजर काठीच्या टोकाने फरशी उकरत राहिला. मग म्हणाला, की तसाही तो सिनेमा सगळीकडेच पडला होता, तुझं कापड चढायच्या आधीच शेजारच्या गावांतून पेट्या परत निघाल्या होत्या. "मालकाला नाव सांगायला कुणीतरी हवं होतं, पेंटर. तू बोलायचा नाहीस."

पेंटरची बायको हे ऐकत होती. तिने मॅनेजरकडे असं पाहिलं, की तो स्वतःहून एक पायरी खाली उतरला. मग ती नवऱ्याकडे वळली आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण आयुष्यभराच्या टोमण्यांना एका वाक्यात कसं परत घ्यायचं ते तिला सुचेना. "चला, चहा घेऊ," एवढंच म्हणाली. पेंटरने ते भरून पावल्यासारखं ऐकलं.

पण त्याची नजर वर, पोस्टरवर होती. आता त्याला वेगळाच खडा टोचायला लागला होता. तेव्हा न बघता बरोबर काढलं, आणि आज बघून, फोटो समोर ठेवून, चूक! त्या पोराला खळी होती, आणि आपण गुळगुळीत हनुवटी रंगवून बसलो. त्याने लेकाला सांगितलं, शिडी आण आणि बारका ब्रश आण. एका ठिपक्याचं काम आहे.

"संध्याकाळचा खेळ व्हायचाय, बाबा," लेक म्हणाला. "मग तुम्ही म्हणाल तेवढ्या खळ्या पाडू. मी काठी धरतो."

पेंटर थांबला. पोस्टर चूक होतं, आणि चूक होतं म्हणूनच आजचं काम चोख होतं. हे पचायला त्याला रस्ता ओलांडून चहाच्या टपरीपर्यंत जावं लागलं.

टपरीवर आता जुन्या चहावाल्याचा मुलगा होता, बापासारखाच दर दोन कपांमागे एकदा मान वर करून जगाची पाहणी करणारा. त्याने तिघांना चहा दिला, आणि सकाळच्या खेळातून माणसं डोळे पुसत का निघाली ते विचारलं. पेंटर म्हणाला, सिनेमा आहे, रडतात लोक.

"मला सांगायला काय जातंय? मी कुणाला सांगणार आहे? तो म्हातारा त्या पोराला पकडतो की नाही?"

"तिकीट काढ," पेंटर म्हणाला.

"अरे, पकडतो कसला," पेंटरची बायको कप खाली ठेवत पुढे सरसावली, "ऐक तरी, तो पोरगा म्हणजे खरं तर त्या म्हाताऱ्याचा..."

पेंटरने बशीतलं चहात बुडवलेलं बिस्कीट उचललं आणि तिच्या तोंडात घातलं. सबंध. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने भर रस्त्यात बायकोला भरवायची ती पहिलीच वेळ, आणि ती इतकी चकित झाली, की मुकाट्याने चावू लागली. लेकाने हसू लपवायला कप तोंडाला लावला.

चहावाल्याने हात पुसले आणि मान वर केली. बराच वेळ तो पोस्टरवरच्या दोन तोंडांकडे पाहत राहिला. या कानापासून त्या कानापर्यंत, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आधी एक, मग दुसरं, मग परत पहिलं. पेंटरच्या हातातला कप हवेतच राहिला होता.

"काही कळत नाही बुवा," चहावाला शेवटी म्हणाला. त्याने स्टोव्ह बंद केला, टपरीवर फळी टाकली आणि रस्ता ओलांडून तिकिटाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.