गिरणीआबाची हाक

पाच मांजरं पाळणारा म्हातारा, असं म्हटल्याबरोबर तुम्ही पाय लांब करून बसला असाल. आता काहीतरी मऊमऊ वाचायला मिळणार. पाय जवळ घ्या. आमच्या ब्राह्मणपुरीचे गिरणीआबा मऊबिऊ काही नव्हते. त्यांनी घरात नुसतं पाणी मागितलं तरी पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसायचं.

सारा जन्म पिठाच्या गिरणीत गेलेला. त्यामुळे आबांचा आवाज पट्ट्याच्या खडखडाटावरूनच चालायचा. लाईट गेली, गिरणी थांबली, तरी आवाज खाली यायचा नाही. आपण साधं बोललो की म्हणायचे, "कोन मरी गयं कारे, इतला हळू काबर बोली ऱ्हायना?" त्यांच्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी बंद दाराआड झाली आणि गावाने ती ओट्यांवर बसून ऐकली.

मला नकलांची खोड पहिल्यापासून. हेडमास्तर, एस्टीचा कंडक्टर, मंगलाष्टकं ताणणारे काका, सगळे माझ्या घशात भाड्याने राहायचे. पण गावाची फर्माईश एकच, आबांची मांजरांना मारलेली हाक. आधी जीभ टाळूला वाजवत "ऱ्या ऱ्या ऱ्या ऱ्या", आणि शेवटी पोटातून एक "होऽऽप". ही नक्कल मी गॅदरिंगला केली, हळदीत केली, पानटपरीवर केली. आबांसमोर तेवढी कधी केली नाही. मला माझा जीव प्यारा होता.

मांजरांची नावं आबांनी पिठांवरून ठेवलेली. दादर म्हणजे आमच्याकडची पांढरी ज्वारी, म्हणून पांढरा बोका दादर. पिवळा बोका मका. काळा उडीद, राखाडी बाजरी. आणि ज्वारीत उडीद मिसळून दळलं की कळणाच्या पिठाचा जो करडा रंग येतो, त्या रंगाची कळणी.

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आणि आबांना ती पाठ. कळणी वाटीतलं पाणी प्यायची नाही, तिला नळाची धार लागायची. उडीद मोटार बंद झाल्यावर तिच्या गरम पाठीवर झोपायचा, दुसरीकडे नाही. आणि दादर कुणी बघत असेल तर जेवायचा नाही. मग आबा भर गर्दीत ओरडायचे, "दादर जेवी ऱ्हायना, तोंड फिरवा." आणि डबे घेऊन उभ्या असलेल्या बाया खरंच भिंतीकडे तोंड करायच्या. नवीन लग्न होऊन आलेल्या एका सुनेला वाटलं, दादर म्हणजे सासरचं कोणी वडीलधारं असेल, तिने पदरही ओढून घेतला.

गिरणीत जमिनीवर पिठाचा पातळ थर कायम असायचा. माई, म्हणजे आबांची बायको, सकाळी झाडू घेऊन आली की आबा तिला दारातच थांबवायचे. आधी वाकून पिठातली पावलं बघायची. "बाजरीनं मांगलं डावं पाय हलकं पडेल शे. काटा व्हई." बाजरीला धरून आणायचं, पंजा दाबायचा, बाभळीचा काटा निघायचा. माई झाडू टेकवून म्हणायची, "सून दखाले ग्या तव्हय इतलं निरखीसन नही दखं." आबा म्हणायचे, "सून बोलीसन सांगस, ह्या कोठे सांगतस?"

उन्हाळ्यात त्याच शेडमध्ये मिरची कांडायचं मशीन चालायचं. आमच्याकडची मिरची म्हणजे काय सांगायचं, रस्त्याने जाणारा माणूससुद्धा रडत जातो. त्या दिवसांत आबा मांजरांना मागच्या घराच्या माळ्यावर हलवायचे. तरी एखादं शिंकायचंच. शिंक ऐकली की आबा मशीनच्या आवाजातून निवाडा द्यायचे. मिरचीची शिंक एकामागून एक, कोरडी. सर्दीची शिंक ओली, आणि सोबत डोळा चिकटलेला. रोज सकाळी प्रत्येकाचा ओठ वर करून हिरडी बघायचे. "गुलाबी शे, जाय." आणि हे सगळं गुपचूप नाही हां. आबा स्वतःची तारीफ स्वतःच करायचे, तीही गिरणीच्या आवाजात. "जिल्हामा मन्हासारखा मांजरना जानकार दखाडा." आम्हालाही ते पटायचं. कुणाचे पाहुणे आले की आम्ही त्यांना देऊळ दाखवून झालं की गिरणी दाखवायला न्यायचो.

असेच मिरचीचे दिवस होते. आबा नातवाच्या बारशाला सुरतला गेलेले. मांजरं माई आणि माझ्यावर सोपवलेली, आणि दुसऱ्याच दिवशी मका बिघडला. सारखा रेतीच्या घमेल्यात जाऊन बसायचा, जोर करायचा, कळवळायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. शेजारच्या काकू म्हणाल्या, पोट साफ होत नसेल, एरंडेल पाजा. माईने बाटली काढलीसुद्धा. मका बाटली बघून जो पळाला, तो माळ्यावरच्या पोत्यांच्या थप्पीमागे भिंतीच्या सांदीत जाऊन बसला. हात पुरेना, काठी लावली तर आणखी आत.

माईने सुरतला फोन लावला. स्पीकरची गरजच नव्हती.

"बसस तव्हय खाले ओलं व्हस का?" आबांनी विचारलं.

मी घमेलं बघून आलो. "नाही आबा, रेती कोरडीच आहे."

पलीकडून आबा चक्क हळू बोलले. आबांचा आवाज खाली आला म्हणजे काय, हे ब्राह्मणपुरीत जन्मलेल्यालाच कळेल. "तेल पाजू नको. पोट दाबू नको. त्याले मूत अडकेल शे. बोका शे, आज नही निघनं ते हातमा नही लागाव. शहादाले ने, आत्तेच."

न्यायचं तर आधी बाहेर काढायला हवा. आबांनी फोनवरूनच हाक मारली. पण त्या फोनमधून ती इतकी बारीक निघाली की बाजरी येऊन फोन हुंगून गेली, बस. मका जागचा हलला नाही. आतून त्याचं कण्हणं तेवढं येत होतं, आणि तेही कमी होत चाललेलं. माई पोत्यावर बसून पदराने डोळे पुसायला लागली. मिरचीने नाही.

मी फोन कापला. माईकडे पाठ केली, कारण तिच्यासमोर तिच्या नवऱ्याची नक्कल करायची म्हणजे काय. जीभ टाळूला लावली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक सोडली. "ऱ्या ऱ्या ऱ्या ऱ्या, होऽऽप."

पहिले बाकीचे चौघं आले. धावत, शेपट्या वर करून, माझ्या पायांत. आणि मग थप्पीमागून मका आला, पोट जमिनीला लावून, एकेक पाय ओढत. मी त्याला पोत्यात घेतला, मित्राच्या गाडीवर मागे बसलो आणि थेट शहाद्याचा गुरांचा दवाखाना.

डॉक्टरबाईंनी म्हशीचं काम बाजूला ठेवून मक्याला हात लावला, गुंगीचं इंजेक्शन दिलं, केसासारखी बारीक नळी घातली आणि मोकळं केलं. म्हणाल्या, "वेळेत आणलंत. बरेच जण पोट साफ होत नाही समजून घरीच ठेवतात. कुणी ओळखलं?" मी छाती काढून सांगितलं, "आमच्या गावचे आबा आहेत. सुरतहून ओळखलं, फोनवर."

आबा आता नाहीत. मी नाशकात नोकरीला आहे, खोलीवर दोन मांजरी आहेत. रोज सकाळी त्यांचा ओठ वर करून हिरडी बघतो. बघताना तोंडातून "गुलाबी शे, जाय" आपोआप निघतं, आबांच्याच आवाजात, आणि घरमालक दार वाजवून विचारतो, कोण पाहुणे आलेत.

तर, मक्याला दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा सुरतहून परतले. पिशवी खाली ठेवायच्या आधी मक्याची हिरडी बघितली, पोट चाचपलं, घमेल्यातली ओली रेती बोटाने उकरून बघितली. मग माझ्याकडे वळले. "भाईर कसा काढा त्याले?"

मी माईकडे बघितलं. माई लगेच चुलीकडे बघायला लागली. सांगून टाकलं. आबा म्हणाले, "करी दाखाड." केली. चांगली झाली. आबा मान तिरकी करून ऐकत होते. मी वाट बघत होतो, आता पाठीवर थाप पडते की कानाखाली.

"चौघं पयत उन्हात ना तुन्हापास?"

"हो आबा, सगळे आले."

"मंग त्यासले काय दिधं?"

"काही नाही. मक्याला न्यायची घाई होती."

आणि आबा असे काही फुटले की गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. "मन्हा हाकवर येल जनावर आजलोंग उपाशी गयं नही. एक दिन नही. तू बलावं आनि निंघी ग्या? जीव वाचाडा ते बरं करं. पन परत येवावर चौघासले भाकरना तुकडा टाकता उना नही तुले? आते मी बलावसू आनि त्या इचार करतीन, येवानं का नही. आवाज लिधा मन्हा, भाकर टाकनारा हात कोन लेई? नक्कल करस ना, मंग पुरी कर."