चार चाळीसला पिन लावली

ऑर्डेल फॉस माझ्या चौथीच्या वर्गात होता. पट्टी, पेन्सिल आणि खोडरबर बाकावर एका रेषेत मांडून बसायचा. शाळा सुटल्याची घंटा झाली की बाकीची मुलं दाराकडे धावायची. हा आधी वाकून बाकाखाली काही पडलं आहे का ते पाहायचा, मग शेजारच्या बाकाखालीही पाहायचा, आणि मगच निघायचा. पुढे तो आमच्या नॉर्डाल गावच्या शाळेची बस चालवू लागला तेव्हा मला फार बरं वाटलं. त्याच्यासाठीच ठेवलेलं काम त्याला मिळालं होतं.

एकतीस वर्षं त्यानं बस चालवली. फेरी संपली की तो शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचा, प्रत्येक बाकाच्या पाठीला हात लावायचा, वाकून खाली पाहायचा आणि मागच्या काचेत ‘बस रिकामी आहे’ ही पाटी उलटवायचा. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी बालवाडीतली एक मुलगी त्याला मागच्या बाकाखाली गाढ झोपलेली सापडली होती. बाहेर उणे अठ्ठावीस होतं. तो ही गोष्ट कधी काढत नसे. त्याची बायको मावीस सांगायची, आणि वर म्हणायची, “अजून झोपेत बाक मोजतो. एकोणीस, वीस, एकवीस.”

त्याची आई थेल्मा चौसष्टाव्या वर्षी विसरायला लागली. ऑर्डेलनं तिला सात वर्षं घरीच सांभाळलं. मी भेटायला जायची तेव्हा पाहायची, की चष्मा शीतकपाटात सापडला आणि ती घाबरली की हा चटकन म्हणायचा, “आई, तू नाही ठेवलास. माझ्याच हातून गेला.” एरवी हा माणूस खोटं बोलत नसे. खोटं तो तिथे शिकला, आणि फार चांगलं शिकला.

पाच वर्षांपूर्वी त्यानं जुना कॅम्पर घेतला. गाडीला जोडून ओढत न्यायचं छोटं घर, आत दोन पलंग, शेगडी, छोटं शीतकपाट. मावीसनं पिवळे पडदे शिवले. उन्हाळ्यात ते चाळीस मैलांवरच्या तळ्याकाठी चार दिवस जाऊन यायचे, पण बेत मोठा होता. निवृत्त झाल्यावर पश्चिमेला ऑरेगनपर्यंत जायचं, समुद्र पाहायचा. मावीसनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात कॅम्पर ठेवायला शाळेनं त्याला पहिल्यांदाच बसशेडच्या आडोशाची जागा दिली होती. तिथे खांबांवर विजेचे बोर्ड आहेत. रात्री बसच्या इंजिनांना ऊब राहावी म्हणून प्रत्येक बसची वायर तिथे लावलेली असते. त्यामुळे त्या ऑक्टोबरात त्याला प्रश्न पडला, बॅटरी उतरू नये म्हणून कॅम्परची पिन सगळा हिवाळा बोर्डात लावून ठेवावी की काढावी?

हा प्रश्न त्यानं डोरीनच्या कॅफेत नेला. सकाळी दहाला खिडकीजवळच्या लांब टेबलावर पुरुषमंडळी बसतात आणि कॉफी कुणी पाजायची ते फासे टाकून ठरवतात. शेजारच्या लहान टेबलावर मी शब्दकोडं घेऊन बसते.

“लावून ठेव,” एकजण म्हणाला. “उतरलेली बॅटरी गोठते, आणि मडक्यासारखी फुटते.”

“अरे, लावून ठेवलीस तर आतलं पाणी आटेल. काढ आणि तळघरात ने.”

“मी सांगू?” धान्यकोठाराचा व्यवस्थापक वर्लिन हाउक म्हणाला. “तुझ्या आणि मावीसच्या मधे गादीत ठेव. तेवढीच दोघांना ऊब!”

टेबल हसलं. ऑर्डेलही हसला. मग त्यानं विचारलं, “पण खरंच, लावून ठेवावी का?”

तीन आठवडे तो हेच विचारत राहिला. दोष म्हणायचा तर त्याच्यात एवढाच होता, सगळ्यांची सगळी उत्तरं ऐकल्याशिवाय त्याचं समाधान होत नसे. शेवटी त्यानं ठरवलं, पिन लावून ठेवायची, महिन्यातून एकदा बॅटरीतलं पाणी पाहायचं, आणि कॅम्परच्या खिडकीत एक लहान दिवा टांगायचा, म्हणजे वीज चालू आहे की नाही ते रस्त्यावरूनच कळेल. पिवळ्या पडद्यामागचा तो दिवा आम्हां सगळ्यांनाच दिसायचा.

वर्लिनही माझाच विद्यार्थी, ऑर्डेलहून बारा वर्षांनी लहान. तो दुष्ट नव्हता. वर्गात एखादा विनोद झाला की तो पुन्हा तोच विनोद करायचा, आणि मुलं हसायची थांबेपर्यंत करत राहायचा. थांबायचं कुठे, ते त्याला मी शिकवू शकले नाही.

सोळाव्या वर्षी त्यानं एक उन्हाळा जत्रेच्या मैदानावर ऑर्डेलच्या हाताखाली काढला होता. ऑर्डेलची वायर गुंडाळायची एक पद्धत होती. एक वेढा सुलटा, एक उलटा. त्यामुळे वायरला पीळ पडत नाही आणि कडाक्याच्या थंडीतही ती सरळ सुटते. ती त्यानं गावातल्या पुष्कळांना दाखवली, आणि कुणी लक्ष दिलं नाही. वर्लिननं दिलं होतं, हे ऑर्डेलच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ऑर्डेल अकराच्या बालवाडीच्या फेरीला उठून गेल्यावर, वर्लिन टेबलावर वाकला. “काल मी त्याची पिन काढली. वायर अगदी त्याच्यासारखी गुंडाळली, आणि त्याच्याच खिळ्याला टांगली.”

“आणि पावलं? बर्फात दिसतील की!”

“बसच्या चाकांच्या चाकोरीतून गेलो ना. एवढा खुळा आहे होय मी?”

सगळे हसले. मीही हसले. चेष्टा चांगली जमली होती, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी ऑर्डेल येऊन म्हणाला, “गंमतच झाली. परवा बॅटरीतलं पाणी पाहून झाल्यावर मी पिन लावलीच नव्हती. वायर आपली खिळ्याला.”

“वय झालं, ऑर्डेलराव,” वर्लिन म्हणाला आणि फासे खुळखुळवले.

आठ-दहा दिवसांनी दिवा पुन्हा विझला. मग चारच दिवसांनी. मग दोन आठवडे काहीच नाही, आणि नाताळच्या आदल्या दिवशी पुन्हा. ऑर्डेलनं आधी बाकीच्या बसचालकांना विचारलं. मग शाळेत विचारलं, पण कुणीच पिनेला हात लावला नव्हता. एकदा शेडभोवती फिरून पावलांचे ठसे शोधले. त्यानंतर त्यानं दुसरीकडे शोधायचं सोडलं.

“बाई, वायर माझ्याच हातची असते,” एकदा माझ्या टेबलाशी थांबून तो हळूच म्हणाला. “एक सुलटा, एक उलटा. दुसरं कोण गुंडाळणार तशी?”

मी म्हणाले, “अरे, होतं असं.” याहून वाईट उत्तर मला देता आलं नसतं.

जानेवारीत तो खिशात एक लहान वही घेऊन आला. चेहरा उजळला होता. “आता चुकायचं नाही. पिन लावली की लगेच लिहायचं. हे बघा, मंगळवार, चार चाळीसला पिन लावली. बुधवार, पाहिली, लावलेली आहे.” त्यानं वही टेबलावर फिरवली. सगळ्यांनी पाहिली. कुणीतरी अक्षराची तारीफही केली.

तो गेल्यावर वर्लिन म्हणाला, “आता खरी मजा.”

“वर्लिन, पुरे झालं,” मी म्हणाले.

“अहो बाई, थोडं थांबा. कॅम्पर बाहेर काढायच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगणार आहे मी. केवढा हसेल बघा!”

मी एकदा बोलले आणि पुन्हा कोड्यात डोकं घातलं. वर्गातही मी अशीच होते. एकदा सांगायचं, आणि ऐकलं असं धरून चालायचं.

शुक्रवारी ऑर्डेल आला तेव्हा त्यानं फासे हातात घेतले नाहीत. वहीत गुरुवार होता, चार चाळीस होतं, ‘पाहिली, लावलेली आहे’ होतं. आणि वायर खिळ्याला होती. म्हणजे न पाहताच त्यानं ‘पाहिली’ असं लिहिलं होतं. थेल्माचंही तसंच झालं होतं. ‘गोळी घेतली’ असं कागदावर लिहिलेलं असायचं आणि गोळी बशीत तशीच पडलेली. हे आठवत असणारी टेबलावर निदान चार माणसं होती. डोरीननं त्याच्यापुढे न मागता कॅरॅमल रोल ठेवला. तो त्यानं खाल्ला नाही.

तो जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांकडे गेला. त्यांनी वार विचारले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. तीसपैकी तीस गुण मिळाले. मावीस आनंदानं रडली. ऑर्डेल म्हणाला, “आईलाही पहिल्या वर्षी तीस होते.”

फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळची फेरी संपवून, एकवीस बाकांना हात लावून, पाटी उलटवून त्यानं बसच्या किल्ल्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवल्या. ते थक्क झाले. एक चूक नाही, एक तक्रार नाही, असं का? ऑर्डेल म्हणाला, “पिन लावली की नाही हे ज्याला आठवत नाही, त्यानं पोरांना घरी पोचवू नये. एक दिवस मी पाटी उलटवीन, आणि आत कुणीतरी असेल.”

हे मला मावीसनं सांगितलं, माझ्या दारात उभी राहून, कोटाची बटणंही न लावता. कॅम्पर विकायची जाहिरातही त्यानं दिली होती. परमुलखात, कुठल्यातरी डोंगरातल्या रस्त्यावर आपल्याला काही आठवेनासं झालं तर मावीस एकटी काय करेल, असं त्याचं म्हणणं.

मी तशीच तिच्याबरोबर गेले. ऑर्डेल स्वयंपाकघरात बसला होता. शेगडीवर मावीसच्या हाताचं, कणकेच्या गोळ्यांचं नेफ्ला सूप निवत होतं. मी त्याला सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. वर्लिन, चाकोरी, वायरचे वेढे, वही. मी हसले होते तेही सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवला.

“बाई,” तो म्हणाला, “मी आईला असंच सांगायचो.”

“अरे, पण हे खरं आहे!”

“मीही असंच म्हणायचो. खरंच सांगतो आई, मीच हलवला डबा.” तो माझ्याकडे फार मायेनं पाहत होता. “तेव्हा तिला कसं वाटत असेल ते आता कळतंय. बरं वाटतं. खोटं आहे हे कळतं, तरी बरं वाटतं.”

“मग उद्या वर्लिनलाच विचार.”

दुसऱ्या दिवशी तो आला. उभ्यानंच, टोपी हातात धरून, त्यानं विचारलं, “वर्लिन, बाई म्हणतात माझी पिन तू काढायचास.”

वर्लिनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पन्नाशीचा तो माणूस मला पुन्हा नऊ वर्षांचा दिसला. त्याला खरं बोलायचं होतं, पण त्याच्याकडे आवाज एकच होता, चेष्टेचा. “हो की! मीच तो! चोर सापडला!” असं म्हणून तो हसला, आणि ते हसू मधेच तुटलं. “नाही, खरंच. मीच रे ऑर्डेल. आईशप्पथ.”

“हो, हो, वर्लिनच,” बाकीचे घाईघाईनं म्हणाले. “आम्हांला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.” सगळ्यांचे आवाज एकदम मऊ झाले होते, आजाऱ्याच्या खोलीत होतात तसे.

ऑर्डेलनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आपण विसरतो, हे त्याला शक्य वाटत होतं. ही माणसं अख्खा हिवाळा रोज दहा वाजता त्याच्यासमोर बसून, कॉफी पिऊन, हे करत होती, हे त्याला शक्य वाटत नव्हतं.

“तुम्ही सगळे फार चांगले आहात,” तो म्हणाला. “मावीसला सांगतो.” आणि फासे न टाकताच त्या दिवशीची सगळ्यांची कॉफी त्यानं पाजली.

एप्रिलमध्ये मायनॉट शहराहून एक जोडपं कॅम्पर न्यायला आलं. बर्फ वितळून शेडपुढे चिखल झाला होता. मावीसनं पडदे काढून ठेवले नाहीत. म्हणाली, “त्या खिडक्यांच्याच मापाचे आहेत.” ऑर्डेलनं नव्या मालकांना सूचनांचा कागद लिहून दिला होता. बॅटरी, पाण्याचे नळ, टायरची हवा. शेवटची ओळ होती, ‘हिवाळ्यात पिन लावलेली आहे का ते पाहावे. लावली असे वाटले तरी पाहावे.’

वर्लिन न बोलावता आला होता. त्यानं बोर्डातून पिन उपसली, आणि कुणी काही म्हणायच्या आत आमच्यासमोर वायर गुंडाळायला घेतली. एक सुलटा, एक उलटा. वेढे बरोबर पडत होते.

“बघ,” तो म्हणाला. “बघ ना ऑर्डेल. तुझ्यासारखीच येते मला. मीच होतो.”

“छान जमतंय तुला,” ऑर्डेल म्हणाला. “मी शिकवलं असणार.”

मग त्यानं ते वेटोळं वर्लिनच्या हातातून घेतलं, सोडलं, आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळू लागला.

“तू बघ हं, वर्लिन. चुकलं तर सांग.” एक सुलटा वेढा पडला. “बरोबर?”

“बरोबर,” वर्लिन म्हणाला.

एक उलटा पडला. ऑर्डेल थांबला आणि त्यानं वर पाहिलं.

“बरोबर?”

“बरोबर.”

वायर पन्नास फुटांची होती. तो प्रत्येक वेढ्याला थांबत होता.