साफ केलेला मासा

मासे साफ करण्यात मावशींचा हात धरणारं अख्ख्या बाजारात कोणी नव्हतं. गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत मासा तयार. त्याच हातांनी परीक्षेच्या दिवशी त्यांना कसं तोंडावर पाडलं, ते ऐका.

चाळिशी उलटल्यावर त्यांना बारावी व्हायचं खूळ लागलं. खूळच ते! लहानपणापासून सगळ्याला 'का' विचारायची खोड, आणि उत्तर द्यायला घरात कोणी रिकामं नव्हतं. शिंगं मोडून वासरांत शिरलीस, असं सासूबाई म्हणाल्या. शेवटी ठरलं, की या खेपेला नापास झाल्या तर शिक्षण बंद, दिवसभर दुकान. मावशींनीही हो म्हणून टाकलं.

जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकापुढे एक मासा आला. पोट उघडून आतलं सगळं जागच्या जागी सरांना दाखवायचं होतं. मुलं नाकाला रुमाल लावून कात्री धरतायत, तोवर मावशी मोकळ्या! खवले काढले, डोकं उडवलं, पोटातली घाण एका ओढीत बादलीत. ट्रेमध्ये धुतलेला मासा चकाकत होता.

सर आले आणि बघतच राहिले. आता तुकडे तेवढे करायचे राहिलेत, म्हणाले. वर्ग खो खो हसला. मावशींच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. घाण म्हणून जे फेकलं, त्याचेच तर मार्क होते.

सर मनाने चांगले. दुसरा मासा देता येणार नाही, पण बादलीतलं काढून ओळखून दाखवा, म्हणाले. मावशींनी एकेक मांडलं. जठर, यकृत, आतडं. हवेची पिशवी हाताला लागली तशा त्या थबकल्या. रोज अंगठ्याने फट्‌कन फोडायच्या ती, आणि हिच्याच जोरावर मासा पाण्यात वर-खाली होतो? दाबून दाबून बघत बसल्या. हृदय राहिलंय, याची सरांनाच आठवण करून द्यावी लागली.

हृदय काही सापडेना. बादली दोनदा उपसून झाली, वेळ संपत आला. मग पुस्तकातलं चित्र आठवलं. त्यांनी उडवलेलं डोकं उचललं आणि कल्ल्यांच्या मागे, गळ्याशी कात्री लावली. हरभऱ्याएवढं, काळपट लाल. तेच होतं.

"पास आहात, मावशी. हात धुवून घ्या," सर म्हणाले.

मावशी हलेनात. "सर, एखादा मासा उरलाय का?"

"अहो, झाली की परीक्षा."

"परीक्षा झाली हो, माझं बघायचं राहिलं. आयुष्यभर नुसते कापले, आत काय आहे ते एकदाही बघितलं नाही."