एका विहिरीचा कोरा ग्राफ

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की टिंगल करण्यात मी सगळ्यात पुढे... अख्खं रनाळे गाव साक्षीला आहे. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय.

मी नंदुरबारला एका छोट्या संस्थेत विहिरींच्या पाणीपातळीचा डेटा बघते. R, म्हणजे आकडेमोडीची संगणकभाषा, मला शिकवली ती गावच्याच एका सीनियरने. मी त्याला भाऊ म्हणते. मोलगीकडच्या विहिरी मोजायला तोच जायचा. प्रोजेक्टचा साचा आम्ही दोघांनी मिळून बसवला — ठरलेले फोल्डर, ठरलेल्या स्क्रिप्ट, एक कमांड दिली की कुठल्याही मशीनवर तोच रिपोर्ट. भाऊचा नियम एकच, "रॉ डेटाले हात लावाना नही, माय. कोनीच नही." आलेल्या मूळ आकड्यांबाबतचा हा नियम मी डोळे झाकून पाळला.

या उन्हाळ्यात टंचाईचा रिपोर्ट होता. विहीर आटलेले पाडे टँकरच्या यादीत जाणार होते. सगळे ग्राफ आले... फक्त मोलगीकडच्या एका पाड्याची चौकट कोरी! आकडे फाइलमध्ये होते, तारखा बरोबर, एरर काही नाही. भाऊच्या लॅपटॉपवर चालवलं — कोरी. नवापूरला मामेभावाच्या नव्या कोऱ्या मशीनवर — तेच. तेच आकडे दुसऱ्या विहिरीच्या नावाने टाकले, तर रेघ झक्क उमटली.

"र्‍हाऊ दे ना," भाऊ म्हणाला. "पानी शे तठे. यादीमा नाव नको."

मला चैन पडेना. शनिवारी जीपने मोलगी गाठली, पुढे पायी. पाड्यावरच्या एका बाईला विहीर विचारली, तर तिने दगडमातीच्या ढिगाकडे बोट केलं. दोन पावसाळ्यांपूर्वीच ढासळून बुजलेली!

"तुमचा माणूस आला होता," ती तुटक मराठीत म्हणाली. "बघून गेला. चहा पिला. टँकर येईल बोलला."

आणि फाइलमध्ये मागच्या महिन्यापर्यंतची पातळी होती... भाऊने घरी बसून भरलेली.

जाब विचारला, तर म्हणतो, "बुजेल लिखं तं सर्वा फार्म परत भरना पडतस. एकच पाडा ते शे, माय!"

मी रागाने रडले. ज्याच्या शब्दावर मी सगळं शिकले, त्यानेच केसाने गळा कापला.

पाड्याचं नाव मी यादीत घातलं. ती चौकट कोरी का राहिली, हे मला आजही कळलेलं नाही. कुणाला कळलं तर जरूर सांगा.

पहिल्या टँकरबरोबर मीही गेले होते. हंडा भरताना तीच बाई हसून म्हणाली, "तो माणूस बोलला तसं त्याने केलं. त्याला सांग."

मी तिचा हंडा डोक्यावर चढवायला हात दिला.