पैनगंगेवरचा बांगडीवाला

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी चारचौघांदेखत बायकोचा हात धरायची मला लाज वाटली होती.

नागपूरच्या कचेरीतून रजा काढून मी घरी आलो होतो. आम्ही सगळे पैनगंगेच्या काठाकाठानं मेहकरची जुनी दगडी धर्मशाळा पाहायला निघालो. बायको कितीतरी दिवस या फिरण्याची वाट पाहत होती. वाटेत नदी ओलांडायची होती. वडील आणि काका दगडांवरून पलीकडे गेले, मुलीला खांद्यावर घेऊन मीही गेलो. बायको मात्र शेवाळलेल्या पहिल्याच दगडाशी थबकली. मागं जाऊन तिला आणावं, तर वडील बघत होते.

"तुमी जा, मी बसते इथंच," ती म्हणाली.

तेवढ्यात तिच्या मागून एक म्हातारा मुसलमान बांगडीवाला आला. खांद्यावरची काच फुटू नये म्हणून तो आधी बोटांनी दगड चाचपायचा, मगच पाऊल टेकायचा. "ये माय," म्हणून त्यानं हात पुढं केला आणि तिला सावकाश पार आणलं.

मग मला म्हणाला, "मालक, गावोगावच्या लेकीबाळींचे हात धरतो मी, कोनी काई म्हनत नाही. तुमच्या तर घरचाच हात हाय, काऊन भेता?"

काका हसले. मी रागानं तोंड फिरवलं. तो आपल्या वाटेनं गेला.

परतताना त्याच दगडांवर मी तिचा हात धरला, वडिलांसमोर. तो आजही हातात आहे.

त्या माणसाचे आभार मानायचे मात्र राहिलेत.