सर्वांना मान्य

“तो पडदा खोलीतून जात नाही तोवर मी तिथे झाडू फिरवणार नाही,” सून म्हणाली आणि लागोपाठ शिंकली.

“पडद्याने शिंका येत नसतात. धुळीने येतात,” काकू म्हणाल्या.

“मग धूळ झटका.”

“झटकली तर मखमल जाईल.”

“आई, मखमल कधीच गेली. आता नुसती धूळच घडी घालून ठेवलीयेस,” स्वयंपाकघराच्या दारातून मुलगा म्हणाला. त्याने बायकोची बाजू घेतली की फक्त विनोद केला, हे कळायला मार्ग नव्हता. त्याचं नेहमीच असं. दोन्ही डगरींवर हात.

भांडण पडद्यावरून चाललं होतं, पण मूळ होतं काकांच्या गुडघ्यात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, जिना चढायचा नाही अशी सक्त ताकीद होती, आणि झोपायची खोली वर. खाली एकच खोली होती, आणि तिच्यात नाट्यगृह भरलेलं होतं. भिंतीला लावून खुर्च्यांच्या थप्प्या, पलंगावर लाल पडदा, पलंगाखाली जुन्या चादरीत बांधलेले दिवे. काका तेव्हापासून बाहेरच्या दिवाणावर पडून असत. घरात येणाऱ्याने आधी त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायची आणि मगच पुढे जायचं, असा टोलनाकाच झाला होता.

“माणसाला कपडे बदलायला आडोसा नाही,” सून म्हणाली. “बाबा बोलत नाहीत म्हणून त्यांना काही वाटत नाही असं समजू नका.”

“बोलतो की,” काका दिवाणावरून म्हणाले. “माझा गुडघा आणि हिचं थिएटर, दोघांचं काम एकदमच निघालं. गुडघा चालायला लागला.”

सून हसली. मुलगाही हसला. काकूंनी पदर खोचला आणि त्या खोलीत जाऊन एक थप्पी उगाचच दुसऱ्या थप्पीजवळ सरकवली.

काकूंना बाहेर सगळे ‘विंगेतल्या काकू’ म्हणत. पोटापाण्यासाठी त्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टायपिस्ट होत्या, त्यातून निवृत्तही झाल्या, पण त्या कचेरीत होत्या हे कचेरीवाल्यांनाही आठवून सांगावं लागे. नाट्यगृहात मात्र त्या नाहीत असा प्रयोग झाला नव्हता. पहिल्यांदा त्या तिथे गेल्या होत्या शेजारणीच्या घराची किल्ली द्यायला. शेजारीण नाटकात काम करायची. तालीम चालली होती, शेजारीण वाक्य विसरून उभी होती आणि संहिता धरणारा सिगारेट ओढायला बाहेर गेला होता. काकूंनी खाली पडलेली वही उचलली, पुढचं वाक्य शोधलं आणि दूध उतू जातंय असं भिंतीपलीकडच्या बाईला सांगावं, तसं हलकेच सांगून टाकलं. तेव्हापासून वही त्यांच्या हातून कुणी घेतली नाही.

नट थांबला की तो अभिनयाने थांबलाय की विसरून, हे त्यांना श्वासावरून कळायचं. विसरला असेल तर त्या वाक्याचा पहिला शब्द देत. तो असा, की पहिल्या रांगेलाही ऐकू जाऊ नये. नाटक संपल्यावर टाळ्या होत, हार होत, फोटो होत. वाक्य कुणी दिलं ते नटालाही आठवत नसे. काकूंना त्याचं वाईट वाटत नव्हतं. घरी तरी कोणाला आठवत होतं, पाणी कोण भरतं ते.

नाट्यगृह म्हणजे बर्फाचा जुना कारखाना. मालकीण बाईंनी तो नाममात्र भाड्याने दिला होता. संस्था नफ्याची नव्हती, आणि नाटकवाल्यांनी तो शब्द कधी खोटा ठरू दिला नाही. छप्पर गळायचं. पावसात मागच्या रांगेतले लोक छत्री उघडून बसत आणि त्यांच्या मागचे ओरडत. वायरिंग तर असं, की मध्यंतरात चहाची किटली लावली तर दुसऱ्या अंकात नायिकेवर अंधार. म्हणून एकदाचं ठरलं, की मोठी दुरुस्ती काढायची. छप्पर आणि वायरिंग. दोनच गोष्टी.

पण संस्थेची एक रीत होती. मतदान घ्यायचं नाही. जुन्या काळी एकदा हात वर करून निर्णय घेतला आणि निम्मी मंडळी रुसून निघून गेली. तेव्हापासून ठरलेलं, की अध्यक्षांनी ठराव वाचायचा आणि गोल बसलेल्यातल्या प्रत्येकाने “मान्य” म्हणायचं. एकाने जरी नाही म्हटलं तरी ठराव राहिला. या रीतीचा सगळ्यांना फार अभिमान होता. बाहेरून कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला ती सांगितली जायची.

आता छपराला “मान्य” म्हणायचं तर प्रत्येकाला वाटे, आपलंही काही त्यात यावं. नेपथ्य करणाऱ्याला फिरता रंगमंच हवा होता. मेकअपवाल्या ताईंना आरशांभोवती दिवे. तरुण मंडळींना कॉफीची जागा. एका ज्येष्ठ नटाला, हयात असतानाच, स्वतःच्या फोटोंसाठी दालन. प्रत्येकाचं घातलं, प्रत्येकाने मान्य म्हटलं. आर्किटेक्ट भला माणूस, फुकट काम करत होता, त्यामुळे नाही म्हणायची त्याची सोयच नव्हती. त्याने एक देखणं मॉडेल केलं. कॉफीच्या टेबलावर मुगाएवढे कप होते. आतलं दिसावं म्हणून छप्पर उचलून ठेवता येईल असं होतं, आणि ते तो दर बैठकीला घरी विसरून यायचा. पुढे पुढे त्याला कुणी विचारीनासंही झालं.

मग निरोपाचा प्रयोग झाला. काम सुरू होण्याआधीचा शेवटचा. नाटकवाल्यांची सवय अशी, की शेवटचा प्रयोग झाला की सेट उतरवल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. उभा सेट टाकून जाणं म्हणजे उष्टं ताट टाकून उठणं. त्या दिवशी सेट उतरला, विंगा उतरल्या, आणि तरी कुणी जाईना. सगळे रिकाम्या रंगमंचावर उभे. प्रेक्षकही थांबलेले. त्या शांततेत कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं आणि कुणाला सुचत नव्हतं.

काकू सवयीने हळूच म्हणाल्या, “खुर्च्या?”

झालं. पाने आले, हातोड्या आल्या. प्रेक्षकांनी आपापली खुर्ची आपण उचकटली. कुणी रडत होतं, कुणी गात होतं. पडदा उतरला, दिवे उतरले. असा आनंद त्या वास्तूत कोणत्याही नाटकाला झाला नव्हता. सामान कुठे ठेवायचं म्हटल्यावर काकू म्हणाल्या, आमची खालची खोली रिकामीच आहे. परवानगी अजून आलेली नाही, हे त्या वेळी एकाच्याही लक्षात नव्हतं.

परवानगीआधी पाहणीसाठी पालिकेचा इंजिनियर आला. तो स्वतः नाटकवेडा. दारातच थांबला आणि कितीतरी वेळ आत बघत राहिला.

“काकू, दुरुस्तीची परवानगी चालू थिएटरला मिळते. हे थिएटर कुठंय?”

“आहे की. बंद ठेवलंय.”

“बंद नाही, उपटून टाकलंय. चार खुर्च्या आणि एक पडदा असता तरी मी थिएटर लिहिलं असतं. आता हे गोदाम. गोदामाचं थिएटर करायचं म्हणजे नवं थिएटर, आणि नव्याला आगीचा बंब वळेल एवढा रस्ता लागतो.”

रस्ता म्हणजे बोळ होता. दोन्ही बाजूंनी घरं. बंब सोडा, बंबवाल्याची सायकल वळायची नाही. खुर्च्या परत आणून ठोकतो म्हटलं, तर तो म्हणाला, “मी पाहून गेलो ना. आता तुम्ही माझ्याकडून खोटं लिहून घेताय.” आणि तो खरंच रडवेला झाला होता.

त्यानंतर अर्ज झाले, ओळखी झाल्या, वरच्या साहेबांना भेटणं झालं. सगळीकडून एकच उत्तर. खुर्च्यांचं कुणी सुचवलं, यावर संस्थेत खूप वाद झाले. प्रत्येकाला दुसऱ्या कुणाचा तरी आवाज आठवत होता. काकूंचा कुणालाच आठवला नाही. काकू गप्प राहिल्या. सांगितलं असतं तर सगळ्यांनी मिळून त्यांची समजूत घातली असती, आणि ते त्यांना सोसलं नसतं.

बैठका मात्र थांबल्या नाहीत. अध्यक्षांचं चष्म्याचं दुकान होतं, दुकान वाढवल्यावर मागच्या खोलीत सगळे जमत. मागच्या बैठकीला मालकीण बाईंचा भाचा आला होता. सभ्यपणे म्हणाला, टायरच्या गोदामासाठी गिऱ्हाईक आलंय, तुमचं काही होणार असेल तर जागा तुमचीच, नसेल तर सोडा, पण काय ते सांगा. तो गेल्यावर अध्यक्षांनी मान खाली घालून ठराव वाचला, की जागा परत करावी आणि संस्था बंद करावी. एकेकाने “मान्य” म्हटलं. ज्येष्ठ नटाने तर असं म्हटलं, की टाळीच यावी. शेवटी काकूंवर आलं. काकू म्हणाल्या, “मला नाही मान्य.”

ठराव राहिला. आणि काकूंना वाटलं, आपण एकट्या पडलो.

आज त्या भांडण अर्धं टाकूनच बैठकीला निघाल्या. “जेवायला थांबू नका,” त्या म्हणाल्या. “थांबतो,” काका म्हणाले, “मी कुठे जाणार?”

चष्म्याच्या दुकानात मॉडेल टेबलावर होतं, आणि सगळे त्याच्यावर ओणवे. चर्चा खुर्च्यांच्या रंगाची चालली होती.

“निळा नको. निळ्यात डाग दिसतात.”

“मरून म्हणजे दवाखान्यातली चादर वाटते.”

“मोरपंखी घ्या. आजकाल सगळीकडे मोरपंखी.”

काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. मंडळी खुशीत होती. गेल्या खेपेला मान्य म्हणताना रडलेल्या मेकअपवाल्या ताई आरशाचे दिवे पिवळे की पांढरे ही भांडणं पुन्हा नव्याने करत होत्या. अध्यक्षांनी काकूंसाठी स्वतः चहा ओतला. “तुम्ही खिंड लढवलीत म्हणून आज आपण इथे बसलोय,” ते म्हणाले.

“अध्यक्ष, एक विचारू?” काकू म्हणाल्या. “थिएटर उघडलं, समजा. पहिलं नाटक कुठलं करायचं?”

“करू की. त्यात काय!” नेपथ्यवाला म्हणाला. “नवंच काहीतरी.”

“कुणी वाचलंय का नवं? इतक्या दिवसांत?”

ज्येष्ठ नटाने चष्मा पुसला. तरुणांपैकी एक म्हणाला, आम्ही तर आता तिकडे कॉलेजच्या हॉलमध्येच करतो, सवय झाली. ताई म्हणाल्या, जुनंच एखादं घ्यावं. कुठलं, ते त्यांना सांगता येईना. मग अध्यक्षांनी तोडगा काढला, की नाटक निवडायला एक उपसमिती नेमावी. सगळ्यांचे चेहरे उजळले. उपसमितीत कोण कोण, यावर बोलणं सुरूही झालं, आणि कुणीतरी पुन्हा मोरपंखी म्हणालं.

काकूंना एकदम दिसलं, की या माणसांना थिएटर नको होतं. ही माणसं वाईट नव्हती. त्यांना एकत्र बसून थिएटर ठरवायला हवं होतं, आणि ते आता त्यांना रोज मिळत होतं, छप्पर गळायची भीती न बाळगता. मान्य म्हणतानासुद्धा त्यांना ठाऊक असणार, की काकू नाही म्हणतीलच. काकूंच्या जिवावर प्रत्येकजण शूर झाला होता. आणि परवानगीचा चमत्कार उद्या झाला, रस्ता रातोरात रुंद झाला, तरी त्या रंगमंचावर उभं राहायला कुणी येणार नव्हतं.

“मागचा ठराव घ्या पुन्हा,” त्या म्हणाल्या.

“कुठला?” अध्यक्षांनी विचारलं, पण त्यांचा रंग उतरला होता.

“जागा सोडायचा. मला मान्य आहे.”

 मग एकदम सगळेच बोलायला लागले. अहो काकू, एवढी घाई कशाला. काकू, तुम्ही थकलायत, घरचं टेन्शन आहे. पुढच्या बैठकीत बघू. ज्येष्ठ नट तर उठून जवळ आला आणि त्याने त्यांचे हात धरले. काकूंनी ते सोडवून घेतले.

“तुम्ही सगळे मागेच मान्य म्हणालात. माझंच राहिलं होतं. आता झालं सर्वांना मान्य.”

अध्यक्ष म्हणाले, “रीत आहे खरी.” आणि मॉडेल उचलून कुठे ठेवावं हे न कळून हातातच धरून उभे राहिले.

घरी सगळे जेवायला थांबले होते. सुनेचं तोंड अजून फुगलेलं होतं, पण तिने काकूंचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. काकांचं ताट दिवाणासमोर स्टुलावर. मुलाने भाजी पुढे केली आणि विचारलं, “मग? कुठला रंग ठरला?”

काकूंनी हात धुतले, पुसले, आणि ताटावर बसल्या.

“थिएटर बंद केलं आम्ही. दुकानातूनच फोन करून सामान शाळेला विचारलं, वाचनालयाला विचारलं, कुणालाच नकोय. भंगारवाल्याला सांगून आलेय, उद्या सकाळी येईल. दहाच्या आत खोली मोकळी होईल, मग यांचं अंथरूण आतल्या पलंगावर घाला. आणि भाजीत मीठ नाहीये, मीठ दे जरा.”