उणे दोनशे अकरा

"रिझर्वेशनवाल्या डिग्रीत वजाबाकी शिकवत नाहीत का?"

काकांनी माझ्यासमोरचा कागद ओढून घेतला.

चौबे कॉलोनीतलं घर. आमच्यासारखंच मराठी, पण रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. मी बीरगांवहून ऑटोनं यायची, त्यांच्या बारावीतल्या पोरीले फिजिक्स शिकवायले. माझा बाप उरला एमआयडीसीसारख्या कारखानापट्टीत, रोलिंग मिलमध्ये मजूर. मी एम.एस्सी. काका म्हणजे त्या पोरीचे वडील, इंजिनिअर. माझं आडनाव कळलं, त्या दिवसापासून त्यांची खुर्ची आमच्या टेबलाजवळ आली होती.

गणित साधं होतं. युरेनियमचं केंद्रक फुटलं तर ऊर्जा किती सुटते? आत दोनशे पस्तीस कण. फुटायच्या आधी कणामागे बाइंडिंग एनर्जी ७.६, तुकड्यांत ८.५. कण जितके जास्त घट्ट बांधले जातात, तितकी ऊर्जा बाहेर पडते. म्हणून नंतरच्यातून आधीची वजा करायची. कणामागे ०.९. एकूण दोनशे अकराच्या वर, एमईव्ही या मापात.

काकांनी काट मारली. "आधीच्यातून नंतरचं वजा. वस्तुमान घेऊन हजारदा केलंय मी." खाली लिहिलं, उणे दोनशे अकरा.

"काका, वस्तुमानात तसं. इथं उलटं. तुमच्या उत्तरानं ऊर्जा सुटतच नाही, बाहेरून घालावी लागते."

"मला शिकवून राहिली तू?"

मी पोरीकडे पाहिलं. आदल्या दिवशी तिनंच हे मले समजावून सांगितलं होतं, बोटं एकमेकांत गुंतवून.

"तू सांग."

तिनं बापाकडे पाहिलं. मग खोडरबर घेतलं आन् वहीतलं आपलं बरोबर उत्तर खोडून टाकलं.

"पापा सही हैं, दीदी."

रिझर्वेशनचा टोमणा मी गिळला होता. शाळेपासून गिळतच आली. पण हे नाही गिळता आलं. रोज खाली मान घालून बसणारी मी. तिनं माझ्याकडूनच शिकलं काय हे?

उठली.

"चूक तुमची आहे, काका. माझ्या जातीची नाही."

"बाहेर हो!"

"हव. चालली."

तीन दिवस घरात नुसत्या फेऱ्या मारल्या. माय म्हणे, "बस ना एका जागी, पोट्टे." बसवत नव्हतं. चौथ्या दिवशी आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घराच्या समोरच्या खोलीत चटई टाकली.

आता शिकवायले मी कोनाच्या घरी जात नाही. ज्याले शिकाचं, त्यानं बीरगांवले यावं. इथं आडनाव विचारत नाही. चूक दिसली तर मोठ्यानं सांगावी लागते, माझी असली तरी. आन् चुकणाऱ्याचं वय पाहून, घर पाहून मी गप बसणार नाही. कधीच नाही.